घरटी एक उत्तर

सांख्यिकी कार्यालयात त्याला सगळे टक्केसाहेब म्हणत. पाठीमागे म्हणत, पण त्याला ते ठाऊक होतं. आज पाऊस पडेल का असं कुणी सहज विचारलं, तरी हा माणूस हो किंवा नाही म्हणायचा नाही, ‘साठ-सत्तर टक्के’ म्हणायचा. त्याच्या बायकोलाही तिथे नाव होतं, नमुनेबाई. लाखो घरांमधून पाहणीसाठी नेमकी कुठली घरं निवडायची, म्हणजे नमुना कसा काढायचा, हे तिचं काम. शिवाय जेवणाच्या सुट्टीत ती संचालकांची हुबेहूब नक्कल करायची, त्यामुळे ते नाव तिला दोन्ही अर्थांनी शोभत होतं. दोघांचं लग्न त्याच कार्यालयात, त्याच मजल्यावर, एका कपाटाच्या किल्लीवरून भांडता भांडता जमलं. घरी ती त्याला ‘तू’ म्हणे, त्याच्या मोठ्या बहिणीसमोर ‘अहो’ म्हणे, आणि ऑफिसात तो एक पायरी वर, म्हणून ‘सर’ म्हणे. तिन्ही हाका ती जागच्या जागी वापरायची, कधी चुकायची नाही.

एके दिवशी वरून हुकूम आला. आपला देश माहिती समाज होण्याच्या वाटेवर किती पुढे गेला आहे, ते मोजून दाखवायचं. बाकीचे देशही मोजत होते. सगळ्यांचे आकडे एका परिषदेत शेजारीशेजारी मांडले जाणार होते. आता समाज काही काट्यावर ठेवता येत नाही. त्यासाठी निर्देशक ठरवावे लागतात: किती घरांत फोन, किती घरांत संगणक, किती घरांत इंटरनेट, किती शाळांत, किती दवाखान्यांत, आणि यातल्या कशाला किती वजन द्यायचं. या कामाचा प्रमुख म्हणून त्याला नेमलं. तो हरखून गेला. नोकरीत आल्यापासून त्याने दुसऱ्यांनी ठरवलेलं मोजलं होतं; काय मोजायचं हेच ठरवायची पाळी पहिल्यांदा आली होती.

नमुन्याची बाजू साहजिकच बायकोकडे आली. मग त्यांचे रविवार जेवणाच्या टेबलावर जाऊ लागले. एका टोकाला त्याचे कागद, दुसऱ्या टोकाला तिचे, मध्ये गार झालेला चहा. एका प्रश्नावरून तासभर वाद चाले. ‘घरात संगणक आहे का’ असं विचारायचं, पण बिघडलेला असला तर? माळ्यावर टाकलेला असला तर? ती म्हणायची, “चालू असेल तरच ‘आहे’ म्हण. नाहीतर माझ्या माहेरी शिलाई मशीनही आहे, फुलदाणी ठेवायला.” तो हसायचा आणि प्रश्न बदलायचा. लग्नानंतरचे सगळ्यात सुखाचे दिवस कुठले असं त्याला कुणी विचारलं असतं, तर त्याने टक्केवारीत न शिरता हेच सांगितलं असतं.

प्रश्न बाहेर नेण्याआधी घरच्यांवर घासून पाहायचे, हा ऑफिसातला जुना रिवाज. म्हणून एका रविवारी दोघं बसने अक्काच्या गावी गेली. अक्का त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो लहान होता. अक्कानेच त्याला वाढवलं, शाळांचे गणवेश शिवून शिकवलं. आता ती मुलाकडे राहत होती. मुलगा मालवाहतुकीच्या कंपनीत हिशेब बघायचा, सून शाळेत शिकवायची.

भाच्याने मोठ्या हौसेने उत्तरं दिली. फोन? तीन. संगणक? एक, चालू. इंटरनेट? आहे, चांगलं वेगवान आहे. टक्केसाहेब भराभर खुणा करत होता. बायकोने मध्येच मान वळवली.

“अक्का, तुम्ही वापरता का हो हे?”

“तिला काय गरज मामी?” भाचा म्हणाला. “आम्ही आहोत ना.”

“मी रोज पुसते त्याला,” अक्का हसून म्हणाली. “कोरडं फडकं लागतं. ओलं चालत नाही म्हणे.”

सगळे हसले. अक्काही हसली. परतीच्या बसमध्ये मात्र बायकोने भरलेली प्रश्नावली पुन्हा बाहेर काढली.

“एक घर, तीन माणसं, आणि बोलला एकटा,” ती म्हणाली. “घरटी एक उत्तर घेतलं, तर अक्का आपल्या कागदावर संगणकवाल्या झाल्या.”

“घरात आहे ना पण.”

“विहीर अंगणात असली म्हणून घरातल्या सगळ्यांना पोहता येतं का?”

तिने मग एक पुरवणी तयार केली. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं विचारायचं, ज्याचं त्याने आपल्या तोंडाने सांगायचं. कुणी घरी नसेल तर पुन्हा जायचं. चार महिने तिने तो कागद घासूनपुसून तयार केला, दोन गावांत फिरून तपासला. घरं मोजली की दहातली आठ इंटरनेटला जोडलेली निघत. स्वतः वापरणारी माणसं मोजली की निम्मीसुद्धा भरत नव्हती. त्याने बेरीज दोनदा करून पाहिली. शितावरून भाताची परीक्षा करणारी माणसं ती. शीत कच्चं लागलं तर भात कच्चा आहे असं म्हणायलाच तर पगार मिळतो, असं तीच म्हणाली, आणि त्यालाही ते पटलं.

मग तिचे वडील आजारी पडले आणि ती आठवडाभर माहेरी गेली. नेमकी त्याच आठवड्यात संचालकांनी प्रश्नावली पक्की करायची बैठक अलीकडे घेतली.

संचालक वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. निवृत्तीला थोडे दिवस उरले होते आणि वरच्यांचे फोन खालच्यांना कळू न देता झेलायची त्याला सवय झाली होती. त्याने पुरवणीचा कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

“काम चोख आहे,” तो म्हणाला. “पण शेजारचे सगळे देश घरांचा आकडा देणार. आपण माणसांचा दिला, तर यादीत पार तळाला जाऊन बसू. कोण समजून घेणार आहे की आपण जास्त खरं बोललो? शिवाय प्रत्येक घरी दोनदोनदा जायचं म्हणजे वेळ दुप्पट. तुमचं काय म्हणणं?”

टेबलाभोवतीच्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. विहिरीचं वाक्य त्याच्या अगदी जिभेवर होतं. पण उपसंचालकाची जागा त्या वर्षी रिकामी होत होती, हेही त्याला माहीत होतं, आणि इतरांनाही. नंतर कितीतरी वर्षं त्याने स्वतःला सांगून पाहिलं की आपण त्या जागेचा विचार केला नव्हता. केला नव्हता असं ठामपणे म्हणता येत नव्हतं, एवढंच खरं.

“या फेरीपुरतं घरटी एक उत्तर पुरे,” तो म्हणाला. “पुरवणी पुढच्या फेरीत घेऊ.”

खोलीतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. चहा आला.

बायकोला त्याने फोनवर सांगितलं नाही. सासरे दवाखान्यात, अशा वेळी ऑफिसचं काय बोलायचं? ती परत आली तेव्हा थकलेली होती. म्हटलं, उद्या सांगू. पहिल्या दिवशी जी गोष्ट जड जाते ती दुसऱ्या दिवशी दुप्पट जड होते, आणि आठवड्याने तर हलतच नाही. शेवटी तिला कळलं ते छापखान्यातून आलेल्या प्रश्नावलीवरून. गठ्ठा तिच्याच टेबलावर येऊन पडला. पुरवणीचं पान त्यात नव्हतं.

त्या संध्याकाळी ती घरी आली, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “सर, पुरवणी कुठे गेली?”

स्वयंपाकघरात उभं राहून तिने त्याला ‘सर’ म्हटलं, तेव्हाच त्याला कळलं की प्रकरण साधं नाही. त्याने सगळी कारणं सांगितली. परिषद, शेजारचे देश, वेळ. ती भाजी निवडत ऐकत राहिली.

“पुढच्या फेरीत नक्की घेऊ,” तो म्हणाला.

“पुढची फेरी चार वर्षांनी.”

“माहीत आहे मला.”

“मला सांगितलं असतंस तर मी भांडले असते,” ती म्हणाली. “हरलेही असते, ते मलाही कळतं. पण तू मला हरूसुद्धा दिलं नाहीस.”

यावर आदळआपट झाली असती तर बरं झालं असतं. झाली नाही. महिन्याभरात तिने बदली मागून घेतली, बाजारभावांच्या विभागात. मैत्रिणींनी विचारलं तर सांगायची, तिथे निदान भाजीवाला आपल्या तोंडाने आपला भाव सांगतो. जेवणाच्या टेबलावर पुन्हा फक्त जेवण होऊ लागलं. बोलणं बंद झालं असं नव्हे. दूध, वीज, तिच्या वडिलांची औषधं, सगळ्यावर बोलणं होई. संचालकांची नक्कल मात्र त्याने पुन्हा कधी ऐकली नाही.

आकडा आला: शंभरातली त्र्याऐंशी घरं. परिषदेत टाळ्या पडल्या. मंत्र्यांशेजारी त्याचा फोटो छापून आला, अक्काच्या घरी भाच्याने तो चौकटीत घालून लावला. पुढच्या वर्षी तो उपसंचालक झाला. अहवालात तळाशी त्याने बारीक अक्षरांत एक टीप घातली होती: हा आकडा घरांचा आहे, माणसांचा नाही. ती टीप वाचल्याचं त्याला आजवर एकाही माणसाने सांगितलं नाही.

आकडा एकदा छापला की तो आपला राहत नाही. ज्याला जे हवं असेल ते तो त्याच्या तोंडून वदवून घेतो. निवृत्तिवेतन खात्याने म्हटलं, एवढी घरं जोडलेली आहेत, मग खिडक्या कशाला, सगळं इंटरनेटवरूनच करू दे. पाणीपट्टीवाल्यांनीही तेच म्हटलं. मग दवाखान्यांनी नंबर द्यायच्या खिडक्या बंद केल्या. अशा प्रत्येक हुकुमाची प्रत त्याच्याकडे माहितीसाठी येई, पहिल्याच परिच्छेदात त्र्याऐंशी असे, आणि तो सही करून ती पुढे पाठवी. सुरुवातीला त्याला बरंही वाटे. आपलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, असं.

एका दुपारी भाच्याचा फोन आला. “मामा, आईला डाव्या डोळ्याने दिसत नाहीये. अजिबात.”

तो आणि बायको मिळेल त्या गाडीने निघाली.

अक्काला काचबिंदू होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. भिण्यासारखं काही नव्हतं. दर तीन महिन्यांनी डोळ्यांचा दाब तपासायचा आणि रोज थेंब घालायचे. ती सकाळी चालत दवाखान्यात जायची, खिडकीवर नंबर घ्यायची, बाकावरच्या बायकांशी गप्पा मारायची, थेंबांची नवी चिठ्ठी घेऊन यायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

“दीड वर्ष तपासणी नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “थेंबही बंद. हा डोळा आता परत येणार नाही. उजवा जेवढा उरलाय तेवढा सांभाळायचा. का आला नाहीत तुम्ही?”

अक्का मांडीवरच्या हातांकडे बघत बसली. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या रोग्याला बोलावलं.

बाहेर लांब बोळात ती खिडकी होती. आतून फळी ठोकून बंद केलेली, वर नवाकोरा फलक: ‘शंभरातली त्र्याऐंशी घरं जोडली गेली. रांग विसरा, घरूनच नंबर लावा.’ बायको त्या फलकासमोर थांबली. तिने तो वाचला. मग त्याच्याकडे न पाहता औषधांची चिठ्ठी घेऊन पुढे गेली.

भाचा भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

“मी दोनदा लावला होता नंबर,” तो म्हणाला. “तिसऱ्या वेळी राहिलं. ती एकदा म्हणाली, मी म्हटलं रविवारी करतो. रविवारी विसरलो. परत ती बोललीच नाही. मीही विचारलं नाही.”

“तिने मला तरी सांगायचं.”

“तुम्हाला?” भाच्याने मान हलवली. “खिडकी बंद झाली त्या दिवशी इथे बायकांनी गोंधळ घातला होता. कुणी हे डोकं चालवलं म्हणून शिव्या देत होत्या. आई त्यांच्यावरच चिडली. म्हणाली, हा माझ्या भावाचा आकडा आहे, त्याने विचार केल्याशिवाय दिला नसेल.”

टक्केसाहेब बाकावर बसला. शेजारी कुणी आजोबा हातात कागद घेऊन त्याला काहीतरी विचारत होते. ते काय विचारत होते, ते त्याच्या कानात शिरलंच नाही.

अक्काला ते आपल्याकडे घेऊन आले. उजव्या डोळ्याचे उपचार त्यांच्या शहरात चांगले होते. दिवसातून तीनदा थेंब घालायचं काम बायकोने आपणहून घेतलं. घालताना ती अक्काची हनुवटी हलकेच वर धरायची आणि बाजारभावांच्या गमती सांगायची. अक्का हसायची. तो दारात उभा राहून ऐकायचा.

चौथं वर्ष आलं. नवी फेरी ठरली. त्याने बायकोकडे पुरवणी मागितली. ती उठली, कपाटातून नाडी बांधलेली फाइल काढून त्याच्यापुढे ठेवली.

“तू येशील का परत?” त्याने विचारलं. “तुझंच काम आहे हे.”

“होतं,” ती म्हणाली. “आता तू कर. मला भाव बरे.”

तिने हे रागाने म्हटलं नाही. रागाचा मोसम केव्हाच सरला होता, आणि ते जास्त वाईट होतं.

संचालक आता दुसरे होते, पण मुद्दे तेच होते. यादीत घसरू, वेळ दुप्पट लागेल, लोक विचारतील. या वेळी तो भांडला. तीन बैठका भांडला, आवाजही चढवला, जे त्याने नोकरीत कधी केलं नव्हतं. या वेळी पुरवणी प्रश्नावलीत छापली गेली. माणसं मोजली गेली, ज्याच्या त्याच्या तोंडाने. शंभरातली एक्कावन्न. काही दवाखान्यांत आठवड्यातले दोन दिवस खिडक्या उघडल्या. अक्काच्या गावची उघडली, तोवर अक्काला एकटीने रस्ता ओलांडता येत नव्हता.

त्या रविवारी सकाळी तो तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत होता. बायको समोर बसून थेंबांच्या नव्या बाटलीचं टोपण उघडत होती. पहिल्याच पानावर बातमी होती, ‘माहिती समाजाच्या वाटेवर देशाची पीछेहाट’. आत त्याचं नाव होतं, आणि निर्देशकांच्या समितीवरून त्याला दूर केल्याचंही. त्याला ते गाळता आलं असतं. त्याने गाळलं नाही.

“म्हणजे तू चुकलास?” अक्काने विचारलं.

“हो.”

“आत्ता?”

“नाही. त्या वेळी. त्र्याऐंशी म्हटलं तेव्हा.”

अक्काने पदर सारखा केला. मग म्हणाली, “मला वाटायचं, सगळ्यांना जमतंय. फलकावर लिहिलेलंच होतं ना तसं. म्हटलं, शंभरातल्या एवढ्यांना येतं, मीच एक ठोंब राहिले. पोराला पुन्हा सांगायची लाज वाटली रे. तुला सांगायची तर फारच. भाऊ सगळ्या देशाचं मोजतो आणि बहिणीला साधा नंबर लावता येत नाही, असं लोक म्हणतील.”

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. पुन्हा उलगडली.

“अक्का, तुझ्या वयाच्या बायकांत शंभरातल्या नव्वदजणींना ते येत नाही.”

“नव्वद?”

“नव्वद. कदाचित जास्तच.”

“म्हणजे त्या बाकावरच्या आम्ही सगळ्याच,” अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण त्यात नवल होतं, आणि नवलाच्या मागे दुसरंही काही होतं. “एवढ्याजणी होतो होय आम्ही. मग हे आधी का नाही कुणी सांगितलं? मी बोलले असते ना मग. त्या खिडकीपुढे मीही आरडाओरडा केला असता.”

तो खाली बघत राहिला. बायकोने बाटली हातात धरली होती. आता ती सांगेल, असं त्याला वाटलं. सांगायचा हक्क तिलाच होता.

“आकडा होता, अक्का,” ती म्हणाली. “आमच्याकडे होता.”

‘आमच्याकडे’ म्हणाली ती. ‘यांच्याकडे’ म्हणाली नाही. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने अक्काची हनुवटी वर धरली, डोळा अलगद उघडला आणि थेंब सोडला.

“मिटून घ्या,” ती म्हणाली. “आणि थोडा वेळ बोलू नका.”

अक्काने डोळे मिटले.